अधिकाचा महिना कुणाचा

फ्रीजरमध्ये एकशे त्रेसष्ट पाकिटं होती. तळाला साठ, मधल्या थरात साठ आणि वर त्रेचाळीस. प्रत्येकात अर्धा किलो जांभळाचा गर. अश्विनीनं ती दोनदा मोजली, कारण मोजता मोजता वरच्या थरातली अकरा पाकिटं बोटाखाली दबली होती. बाकीची दगडासारखी टणक. ही अकरा सगळी उजव्या कोपऱ्यातलीच. तिनं झाकणाच्या कडेवरून हात फिरवला. त्या कोपऱ्यातलं रबर वीतभर सुटलं होतं आणि तिथून गार हवा तिच्या मनगटाला लागत होती.

तिनं मऊ पाकिटं तळाला सरकवली, झाकण लावून कोपऱ्यावर पाटा ठेवला आणि बाहेर आली. अंगणात सोनबा बांबूच्या कांबटी तासत बसले होते. उद्या गणपती, आणि मखर अजून अर्धंच.

"आबा, फ्रीजरचं बिल कुठाय? रबर सुटलंय. गॅरंटीत करून देत्याल."

"ट्रंकंत. सातबाऱ्याच्या पिशवीत बघ." सासऱ्यांनी मान वर केली नाही. "नीट ठिव पुन्यांदा. तुजा नवरा काडतो आन हितंतितं टाकतो."

फ्रीजर सोनबांच्या नावावर होता. पाडव्याला भोरच्या शोरूममध्ये पाटी लागली होती, 'आज न्या, सहा महिन्यांनी द्या, व्याज शून्य', आणि शोरूमवाल्याला ज्याच्या बँकेतल्या खात्याला दहा वर्षं झालीत असा माणूस हवा होता. घरात तसे सोनबाच. त्यामुळे बिलही त्यांच्या ट्रंकेत गेलं होतं. गेल्या सहा महिन्यांत ते कुणी बाहेर काढलं नव्हतं.

अश्विनीनं बिल उलगडलं. पुढच्या बाजूला फ्रीजरचा नंबर, किंमत चौतीस हजार नऊशे नव्वद, तारीख बावीस मार्च. गॅरंटीचा फोन नंबर मागच्या बाजूला असेल म्हणून तिनं कागद उलटा केला. मागं मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी अक्षरं होती. बारावीला सायन्स घेतलेलं, त्यामुळे इंग्रजी वाचायचं भय नव्हतं. ती उंबऱ्याशी उजेडात बसली आणि ओळीवर नख ठेवून वाचत गेली. अकराव्या ओळीवर नख थांबलं.

तिथं महिने नव्हते, दिवस होते. खरेदीच्या तारखेपासून एकशे ऐंशी दिवस. तेवढ्यात पूर्ण रक्कम आली नाही तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज, वर्षाला अठ्ठावीस टक्के, आणि हप्ते पाडायचे वेगळे पाचशे नव्याण्णव.

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. मार्चचे नऊ. एप्रिलचे तीस, एकोणचाळीस. मेचे एकतीस, सत्तर. जून, शंभर. जुलै, एकशे एकतीस. ऑगस्ट, एकशे बासष्ट. आज सप्टेंबरची अठरा.

एकशे ऐंशी.

चुकलं असेल म्हणून तिनं भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून पानापानानं मोजलं. तेवढेच आले. मग मोबाईलवर व्याज काढलं. चार हजार आठशे एकतीस. त्यात पाचशे नव्याण्णव. पाच हजार चारशे तीस रुपये.

कालच नळावर साळूबाईनं तिला गाठलं होतं. जांभळं वेचायला सातजणी होत्या. जूनभर त्या पहाटे रान तुडवत होत्या, काट्याकुट्यातून, दुपारी जांभळ्या बोटांनी बिया काढत. निम्मी मजुरी तेव्हाच दिली होती, निम्मी गौरीच्या आधी द्यायचं ठरलं होतं. प्रत्येकीचे आठशे, सातजणींचे पाच हजार सहाशे.

"व्हतंय न्हवं गं?" साळूबाई म्हणाली होती. "न्हाई, म्या लेकीला साडी सांगून बसलीय. आमच्या घरी गवर उभी ऱ्हाती, तिला काय सांगू, अश्विनीला इचार म्हनून?"

"व्हतंय मावशी. शब्द दिलाय."

आणि हिशोब तसा चोख होता. डब्यात चोवीस हजार सहाशे. त्यातून मजुरी द्यायची. गणपती गेले की पुण्याचा आईस्क्रीमवाला येऊन पाकिटं एकशे दहानं उचलणार होता. घटस्थापनेच्या आत शोरूमचे पैसे भरून वर दोनेक हजार उरत होते. पण शोरूमची मुदत घटस्थापनेपर्यंत नव्हती. ती आज संध्याकाळपर्यंत होती.

"आबा, फ्रीजरचं पैसं आज भरायचेत."

"आज? खुळी का काय!" सोनबांनी कोयता खाली ठेवला. "घटाला भरायचेत. पाडवा ते घट, सहा महिनं. बारक्या पोराला इचार."

"बिलावर दिवस लिवल्यात. आज एकशेऐंशीवा हाय."

"लिवनारा चुकला असंल."

तिनं वाद घातला नाही. बिलावरच्या नंबरला फोन लावला. रेंज घराच्या मागच्या बांधावरच यायची. ती तिथं एका पायावर उभी राहिल्यासारखी उभी राहिली. पलीकडून प्रेरणा नावाची मुलगी बोलली. हो ताई, आजच. काउंटर सहापर्यंत. रोख चालेल. काकांना घेऊन या, कर्ज त्यांच्या नावावर आहे, ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येईल.

"रक्कम किती दाखवतेय?"

"ती इथं आल्यावर सिस्टीमला..." आणि रेंज गेली.

तिचा नवरा हनुमंत शिवऱ्याच्या गोदामात कामावर होता. तिथं मोबाईल कपाटात ठेवून आत जावं लागे. तरी तिनं दोनदा लावून पाहिला. मग पलीकडच्या वस्तीत धम्मदीपकडे गेली. तो हनुमंताचा शाळेपासूनचा दोस्त, छोट्या टेम्पोचा मालक, आणि या आठवड्यात गणपतीची भाडी मारून दमलेला. जेवता जेवता त्यानं ऐकून घेतलं.

"किती कमी पडत्यात?"

"दहा हजार तीनशे नव्वद. पाकिटं इकावी लागतील, वाटंत."

"कापूरहोळला बंडूशेठकडं जाऊ. त्याच्या ढाब्याम्होरं सरबताची गाडी हाय, मोठा फ्रीज बी हाय. तेवढंच एक गिऱ्हाईक रोख देनारं." तो हात धुऊन उठला. सोनबांना तो तात्या म्हणायचा. "तात्या येनार का पर? का त्यांना बी थर्माकोलात घालायचं?"

सोनबा आले. कोरं धोतर नेसून, तोंड वाकडं करून, पण आले. चार थर्माकोलच्या खोक्यांत एकशे त्रेसष्ट पाकिटं भरली, मध्ये भाताचा भुसा, वर गोणपाट. टेम्पो मार्गासनीतून निघाला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. केबिनमध्ये तिघं. अश्विनीच्या मांडीवर डबा, आणि तिचे दोन्ही हात डब्यावर.

"तात्या, लोक देव आनायला भोरला चाललेत आन आपन फ्रीजर सोडवायला," धम्मदीप म्हणाला.

सोनबा काचेबाहेर बघत राहिले. नसरापूर आलं तसं एका जुन्या आमराईकडं त्यांनी हनुवटीनं दाखवलं.

"हितं म्या चोवीस वरसं सालगडी व्हतो."

"म्हाईत हाय की तात्या."

"काय म्हाईत हाय तुला? करार पाडव्याला व्हायचा. पाडवा ते पाडवा एक साल. पर मधी अधिक आला तर?" त्यांनी पहिल्यांदाच अश्विनीकडं पाहिलं. "तर साल तेरा महिन्यांचं. पगार बाराच महिन्यांचा. अधिकाचा महिना धरायचा न्हाई, आसा रिवाज. म्या नऊ अधिक तसंच राबलो. मालक म्हनायचा, सोनबा, त्यो महिना देवाचा."

टेम्पो आमराई मागं टाकून पुढं निघाला.

"औंदा अधिक श्रावन व्हता, मला काय ठावं न्हवतं व्हय?" सोनबा म्हणाले. "दुकानात त्या पोरानं सहा महिनं म्हनल्यावर म्या मनात मोजलं. म्हनलं, पाडवा ते घट. मधी अधिक. त्यो धरायचा न्हाई. ह्या टायमाला तरी त्यो आपल्या वाट्याला."

अश्विनीनं रागवायचं तर कशावर? तिनं नुसतं डब्याचं झाकण पुन्हा दाबून बघितलं.

चेलाडीच्या फाट्यावरून महामार्गाला लागले आणि गाड्यांची रांग लागली. पुण्याहून गावी निघालेली माणसं, टपावर मखरं, मांडीवर मूर्ती. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास गेला. तिनं मध्येच हात मागं घालून एका खोक्यातलं पाकीट चाचपलं. कडा दबत होत्या.

कापूरहोळला बंडूशेठनं एक पाकीट फोडून चमच्यानं चाखलं, जीभ बाहेर काढून गिऱ्हाइकाला दाखवली आणि हसला.

"माल चांगला हाय वहिनी. पर गनपतीत जांभूळ कोन पितं? लोक मोदक खात्यात."

"पुन्याचा मानूस एकशे धानं नेतो."

"मग पुन्याला न्या की. रस्ता ह्योच." त्यानं महामार्गाकडं हात केला. "ऐंशी देतो."

"बंडूशेठ," धम्मदीप मध्ये पडला, "जूनमदी ह्याच गराचं सरबत तुमी चाळीस रुपयं गिलास इकलं. एका पाकिटात धा गिलास व्हत्यात. म्या सोता चार प्यालोय, फुकट न्हाई पाजलं."

"तू प्यालास म्हनून तर धंदा बसला. बरं, नव्वद. आन मोजून तेवढीच घेनार, फ्रीजात जागा न्हाई."

एकशे सोळा पाकिटं. दहा हजार चारशे चाळीस. अश्विनीनं नोटा मोजून डब्यात घातल्या. आता डब्यात पस्तीस हजार चाळीस होते, आणि खोक्यांत सत्तेचाळीस पाकिटं. पन्नास रुपये जास्तच झाले, ती मनाशी म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला तहान लागल्याचं जाणवलं. ती सत्तेचाळीस घरी परत न्यायची. गौरीच्या आधी कुठंतरी खपवायची. सातजणींपैकी निदान चारपाचजणींचं तरी भागेल.

भोरला शोरूमसमोर टेम्पो थांबला तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आत टीव्ही घेणाऱ्यांची ही गर्दी. कोपऱ्यातल्या काउंटरवर प्रेरणा, तिच्यासमोर पाच माणसं. अश्विनीचा नंबर लागला तेव्हा पाच वाजून गेले होते.

प्रेरणानं सोनबांचा मोबाईल नंबर घातला, पडदा वळवून दाखवला.

"अडतीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी."

"चौतीस हजार नऊशे नव्वद आहेत," अश्विनी म्हणाली. "बिल बघा."

"ती फ्रीजरची किंमत झाली ताई. कागदपत्रांचे सातशे नव्याण्णव. आणि ही सुरक्षा योजना, दोन हजार तीनशे नव्याण्णव. काकांनी घेतलीय."

"म्या? म्या कसलीच योजना घेतली न्हाई," सोनबा म्हणाले.

"ओटीपी दिलाय तुम्ही काका. हे बघा, चार ओटीपी त्या दिवशी."

"त्यो पोरगा म्हनला, बाबा अंक सांगा. येत गेलं तसं म्या सांगत गेलो." सोनबांचा आवाज खाली आला. "म्हनला, गॅरंटी वाडवून पायजे का. फुकट वाडवतोय म्हनून व्हय म्हनलं."

"मी तेव्हा नव्हते इथं," प्रेरणा म्हणाली. मग इकडंतिकडं बघून हळूच, "पंधरा दिवसांत रद्द करता येत होती."

"आत्ता पस्तीस हजार भरते. बाकीचे परवा. तीनच हजार राहतात, व्याज तेवढ्याचंच लावा."

"तसं होत नाही ताई. एक रुपया राहिला तरी सगळ्या रकमेवर लागतं, बावीस मार्चपासून. गेल्या महिन्यात एक काका चाळीस रुपयांनी राहिले. मी स्वतःचे घालणार होते, तेवढ्यात सहा वाजून सिस्टीम बंद झाली."

तीन हजार एकशे अठ्ठेचाळीस कमी. भिंतीवर विकायला लावलेली घड्याळं होती, सतरा, आणि सतराही वेगवेगळी वेळ दाखवत होती. अश्विनीनं मोबाईल बघितला. पाच अकरा.

ती सोनबांकडं वळली, पण ते आधीच निघाले होते.

"तू हितनं हलू नगंस," ते जाता जाता म्हणाले. "नंबर जाईल. धम्मा, एष्टी स्टँडापाशी ते थंड पेयाचं दुकान हाय न्हवं?"

ती काउंटरच्या कडेला उभी राहिली. दोन माणसं पुढं गेली, तिनं त्यांना जाऊ दिलं. पाच वीस. ती सत्तेचाळीस पाकिटं कुणाची होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. साळूबाईची, तिच्या जावेची, त्या पाय लंगडणाऱ्या ठकुबाईची. ती विकायला नको म्हणावं, तर व्याजात डब्यातलेच जाणार, आणि मजुरी तेव्हाही बुडणार. ती हे उलटंसुलटं करून बघत होती आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं. पाच एकतीस. शोरूममधल्या सगळ्या टीव्हींवर एकच आरती चालली होती, आवाज बंद करून. तिनं डब्याचं झाकण उघडून नोटा पुन्हा मोजल्या, वाढल्या असतील असं नाही, हातांना काम म्हणून. पाच एकोणचाळीस. गर वितळला असला तर? दुकान बंद असलं तर? तिनं सोनबांना फोन लावला. घंटी तिच्याच पिशवीत वाजली. मोबाईल तिच्याकडं ठेवून गेले होते.

पाच त्रेचाळीसला दोघं आले. सोनबांच्या कोऱ्या धोतरावर गुडघ्यापाशी जांभळा ओघळ होता.

"सत्तरनं," ते धापा टाकत म्हणाले. "शंभर सांगितलं, मानंना. गळाय लागलंय म्हनला."

"तात्या त्याच्या पायऱ्यांवर बसलेच," धम्मदीप म्हणाला. "म्हनले, घेत न्हाईस तर हितंच वतून देतो, मुंग्या खातील. गिऱ्हाईक बघाय लागलं तसा त्यो गल्ल्याकडं पळाला."

तीन हजार दोनशे नव्वद. डब्यात अडतीस हजार तीनशे तीस झाले. अश्विनीनं अडतीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी मोजून काचेखाली सरकवले. प्रेरणानं मशीनमधून नोटा काढल्या, कळा दाबल्या आणि थांबली.

"ताई, रोख भरण्याचं शुल्क एकशे अठरा. आता आलं पडद्यावर."

"आता आलं?"

"रोख निवडल्यावरच येतं."

"आन ऑनलाईन भरलं अस्तं तर?" धम्मदीपनं विचारलं.

"तर नसतं."

अश्विनीनं एकशे अठरा मोजले. नाणी काचेवर एकेक ठेवली. पाच त्रेपन्न. सोनबांच्या मोबाईलवर टिंग वाजलं. अश्विनीनं तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी लांब धरून अंक बघितले.

"सांगा काका, लवकर."

"ह्यो कशाचा हाय?"

"पैसे जमा करायचा."

"निस्ता तेवढाच? दुसरं काय न्हाई त्यात?"

"आबा, पाच मिनिटं राहिलीत," अश्विनी म्हणाली.

"राहू दे. वाच म्हनावं तिला. मोठ्यानं."

प्रेरणानं पडदा वळवला आणि सगळं वाचून दाखवलं, ओळ अन् ओळ. रांगेतली माणसं ऐकत होती. तिचं वाचून झाल्यावर सोनबांनी सहा अंक एकेक करून सांगितले. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. गोल थांबला, पुन्हा फिरला. छपाईचं यंत्र घरघरलं आणि चिठ्ठी बाहेर आली.

धम्मदीपनं ती वाचली आणि अश्विनीच्या हातात दिली.

"डिझेलचं हनम्याकडनं घेईन दिवाळीला. चला."

सोनबा हलले नाहीत. "आन साळूबाईचं?" त्यांनी विचारलं.

अश्विनीनं आधी चिठ्ठी वाचली. दिवस एकशे ऐंशी. वेळ पाच वाजून सत्तावन्न मिनिटं. भरणा अडतीस हजार तीनशे सहा. बाकी शून्य. मग तिनं डबा काचेवर उपडा केला आणि मोजलं. दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची चार नाणी. द्यायचे होते पाच हजार सहाशे, आणि गौरीला तीन दिवस होते. हातात चोवीस रुपये होते.